वेबसाइट झाली, प्रोफाइल झालं, फोन मात्र वाजत नाही

या वेळच्या पत्रांत नोकरी सोडून स्वतंत्र आयटी कन्सल्टिंग सुरू केलेल्यांचाच भरणा आहे आणि फिरून फिरून प्रश्न एकच, की क्लायंट येतात कुठून. म्हणून अख्खी जागा त्यालाच देतेय. पत्रं थोडी कापलीत, राग नसावा. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. बारा वर्षं एका कंपनीत सर्व्हर, बॅकअप, नेटवर्क, नंतर थोडं क्लाउड असं सगळं सांभाळलं. चार महिन्यांपूर्वी राजीनामा देऊन स्वतःचं सुरू केलं. वेबसाइट केली, लिंक्डइन प्रोफाइल नीट केलं, रोज काहीतरी पोस्ट टाकतो, लाइक पण येतात. पण काम म्हणून एकही फोन नाही. मार्केटच डाऊन आहे का माझंच काही चुकतंय? जाहिरातीवर पैसे घालू का?

उत्तर : जाहिरातीवर आत्ता एक पैसाही घालू नका. पत्रात लिंक होती म्हणून तुमची वेबसाइट उघडून बघितली. वरच लिहिलंय की क्लाउड, डेव्हऑप्स, सायबर सिक्युरिटी, एआय, डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन, सगळ्या आयटी गरजांसाठी एकच जागा. एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात हो. तुम्हाला हे सगळं येत नसेल असं मी म्हणत नाहीये, येतही असेल, पण समोरचा माणूस काय विचार करतो ते बघा. कोणी सकाळी उठून 'आज एक आयटी कन्सल्टंट घेऊया' असं ठरवत नाही. त्याच्याकडे काहीतरी अडलेलं असतं. बॅकअप आहे म्हणतात पण गेल्या आठवड्यात एक फोल्डर परत आणायला गेले तर आलाच नाही, किंवा ऑडिटरने एक कागद हातात दिलाय आणि त्यातले निम्मे मुद्दे कोणाला कळत नाहीयेत, किंवा जो एकटा माणूस सगळं बघायचा तो नोकरी सोडून चाललाय. असा अडलेला माणूस तुमच्या पानावर आला तर त्याला त्याची अडचण तिथे लिहिलेली दिसत नाही, सगळं जगच दिसतं, आणि मग तो पान बंद करतो.

तर पहिलं काम म्हणजे एकच अडचण निवडायची. तुमच्या पत्रात तुम्ही एका ओळीत सहज लिहून गेलायत की आधीच्या कंपनीत दर तीन महिन्यांनी बॅकअप खरोखर रिस्टोअर करून, म्हणजे त्यातला डेटा परत आणून, बघायची पद्धत तुम्ही लावली. हे घ्या ना! बहुतेक छोट्या ऑफिसांत बॅकअपचा रोजचा 'सक्सेसफुल' असा मेल येतो आणि तो मेल म्हणजेच बॅकअप असं सगळे समजून चालतात, रिस्टोअर कोणी करून बघितलेलंच नसतं, आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की कळतं की बॅकअपची डिस्क पण त्याच नेटवर्कवर होती, तीही गेली. हे काम मोजता येतं, करून दाखवता येतं, आणि समोरच्या मालकाला त्यातलं तांत्रिक काही न कळता समजतं की आपल्याला हे हवंय.

मग बाकीचं येतं ते सोडून द्यायचं का, तर नाही, ते फक्त दारावर लिहायचं नाही. एकदा आत गेलात की क्लायंट स्वतःच विचारतो की नेटवर्कचं पण बघाल का.

दुसरी एक गोष्ट फार कमी लोक वापरतात, ती म्हणजे तारखा. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं आधी जाहीर झालेल्या तारखा असतात आणि तरी सगळे शेवटच्या महिन्यात धावतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९ चाही त्याच दिवशी. एसक्यूएल सर्व्हर २०१६ ची तारीख १४ जुलै २०२६, विंडोज सर्व्हर २०१६ ची १२ जानेवारी २०२७. आणि माझ्या मते सगळ्यात मजेशीर म्हणजे वेबसाइटची सर्टिफिकेटं, म्हणजे साइट खरी आहे याचा ब्राउझरला दाखवायचा डिजिटल दाखला. आधी ती ३९८ दिवसांपर्यंत चालायची, म्हणजे वर्षातून एकदा कोणीतरी हाताने बदलायचं आणि विसरलं तर साइट बंद, बोंबाबोंब. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांच्या फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठराव केला की १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. ४७ दिवसांनी हाताने सर्टिफिकेट बदलत बसणं कोणाला परवडणार? ज्यांच्याकडे वीस-पंचवीस सबडोमेन, जुना लोड बॅलन्सर, एखादा कोपऱ्यातला मेल सर्व्हर असं सगळं आहे त्यांना हे ऑटोमेट करून द्यावंच लागणार. म्हणजे काम आहे, कारण आहे आणि मुदतही आहे. 'मी तुम्हाला काही मदत करू शकतो का' असं विचारण्यापेक्षा 'तुमच्याकडे अमुक आवृत्तीचा सर्व्हर असेल तर अमुक तारखेनंतर त्याला सिक्युरिटी पॅच येणार नाहीत, त्याचं काय ठरलंय' हे विचारणं कितीतरी बरं, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता हे सांगायचं कोणाला. तुम्ही रोज पोस्ट टाकता आणि लाइक येतात, ते लाइक कोणाचे आहेत एकदा बघा, नव्वद टक्के तुमच्यासारखेच इंजिनिअर असतील, ते तुम्हाला काम देणार नाहीत कारण तेही कामच शोधतायत. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं चाललंय. बारा वर्षांत तुमच्याबरोबर काम करून पुढे दुसरीकडे गेलेले मॅनेजर, हार्डवेअर पुरवणाऱ्याचा सेल्सवाला, अकाउंट्समधली जी आता दुसऱ्या फर्ममध्ये मोठ्या पदावर आहे, जुना प्रोजेक्ट लीड, यांना तुम्ही नोकरी सोडली हे तरी माहितीये का? माझा अंदाज आहे की नाही.

याला आधार पण आहे, मी नुसतं आपलं बोलत नाहीये. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एका पेपरात लिहिलंय की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो त्या काळात तुम्हाला कितपत भेटायचा, तर नेहमी भेटणारे निघाले जेमतेम १७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५ टक्क्यांच्या वर, उरलेले क्वचितच भेटणारे. रोज भेटणाऱ्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवीन बातमी लांबच्याकडून येते. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून जास्त युजर्सवरच्या, पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा अभ्यास सायन्स या जर्नलमध्ये आला, त्यात थोडी दुरुस्ती झाली की अगदीच अनोळखी कनेक्शन नाही, मध्यम लांबीची ओळख सगळ्यात कामाची. दोन्ही अभ्यास नोकरीबद्दलचे आहेत, पण कन्सल्टिंगचं काम पण शेवटी कोणीतरी कोणाला तरी नाव सुचवल्यावरच येतं, त्यामुळे मला ते इथे लागू वाटतात.

त्यांना मेसेज असा करा, लांबण लावू नका :

'नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी आता स्वतंत्र काम करतो. घेतलेला बॅकअप खरंच परत येतो का हे प्रत्यक्ष रिस्टोअर करून दाखवतो, येत नसेल तर नीट लावून देतो. जिथे आयटीला एक-दोनच माणसं आहेत अशा ऑफिसांसाठी. तुमच्या ओळखीत कोणाकडे सर्व्हर बदलायचं किंवा ऑडिटचं काही चाललं असेल तर माझं नाव सांगाल का? तुमचं कसं चाललंय तेही कळवा.'

यात काही थोर नाही, पण वाचणारा हे एका वाक्यात तिसऱ्याला सांगू शकतो. तुमच्या वेबसाइटवरचं वाक्य कोणी कोणाला फोनवर सांगू शकेल का, म्हणून बघा. सगळ्यांना एकच मेसेज कॉपी-पेस्ट मात्र करू नका, निदान पहिली ओळ तरी त्या माणसाची असू दे. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा परत विचारा, मग सोडून द्या, पाठीमागे लागू नका.

प्रश्न : मॅडम, अपवर्क आणि फायव्हर या फ्रीलान्स कामांच्या साइटवर प्रोफाइल करून फायदा होतो का? मित्र म्हणतो तिथे सगळे स्वस्तातलेच क्लायंट असतात.

उत्तर : मित्र अर्धा बरोबर आहे. अपवर्क म्हणजे इलॅन्स आणि ओडेस्क या दोन जुन्या साइट एकत्र येऊन झालेलं, २०१५ पासून हे नाव आहे, आणि फायव्हर २०१० ला निघालं तेव्हा प्रत्येक काम पाच डॉलरला म्हणून ते नाव. तिथली मूळ सवय ही अशी आहे. तिथे येणाऱ्याने काय करायचं ते आधीच ठरवलेलं असतं, 'या सर्व्हरवर हे बसवून द्या', त्याला फक्त हात हवे असतात आणि तुम्ही तर डोकं विकायला निघालायत. त्यामुळे भाव पडतो, ते स्पर्धेपेक्षाही याच्यामुळे पडतो असं मला वाटतं.

पण ज्याच्याकडे दाखवायला स्वतंत्र म्हणून केलेलं एकही काम नाही त्याने तिथे दोन-तीन कामं घ्यायला हरकत नाही, तीही आपण निवडलेल्या अडचणीतलीच, म्हणजे रिव्ह्यू तरी कामाचे मिळतील. हिशेब आधी करा, फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के ठेवून घेतं, अपवर्कचं कमिशन वेगळं आहे पण आहेच. आणि तिथे भेटलेल्या क्लायंटला 'चला आपण बाहेर करू' असं म्हणायच्या आधी नियम वाचा, अपवर्कवर दोन वर्षं व्यवहार त्यांच्यामार्फतच करायची अट असते, नाहीतर वेगळी फी भरून मोकळीक घ्यावी लागते. लोक हे वाचत नाहीत आणि मग खातं बंद झालं की ओरडत बसतात.

प्रश्न : ताई, मी डेटाबेस परफॉर्मन्सचं काम करते, मुख्यतः पोस्टग्रेस. तुम्ही म्हणता तसं एकच गोष्ट निवडलेली आहे. एका टूलमधून यादी विकत घेऊन पाचशे कंपन्यांना मेल पाठवला, माझी सर्टिफिकेशन, अनुभव सगळं व्यवस्थित लिहून. दोन उत्तरं आली, एक 'अनसबस्क्राइब' आणि दुसरं मीच त्यांच्याकडे नोकरीला येते का असं. कोल्ड ईमेल, म्हणजे अनोळखी लोकांना आपणहून केलेला मेल, चालतच नाही का?

उत्तर : चालतो, पण पाचशेचा नाही चालत. एक तर त्यातले किती इनबॉक्समध्ये पोचले कोणास ठाऊक. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने बल्क मेलचे नियम कडक केलेत, जीमेलवर दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या तपासण्या) तिन्ही लागतात आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात. तुम्ही पाच हजार पाठवत नाही हे खरं, पण नव्या डोमेनवरून एका दिवसात पाचशे अनोळखी लोकांना मेल गेला आणि त्यातल्या दहा जणांनी जरी स्पॅम म्हणून दाबलं तर दोन टक्के झाले, म्हणजे तुमचं डोमेन गेलं कामातून. मग उद्या खऱ्या क्लायंटला कोटेशन पाठवाल तेही जंकमध्ये जाईल. विकत घेतलेल्या यादीला मेल पाठवणं काही देशांत कायद्यातही बसत नाही, ते वेगळंच.

त्यापेक्षा आठवड्याला पाच मेल पाठवा. पण त्या पाचांसाठी दिवस घालवा. भरतीच्या जाहिराती वाचा, एखादी कंपनी दोन-अडीच महिने पोस्टग्रेस डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) शोधतेय आणि जाहिरात परत परत टाकतेय म्हणजे तिथे काम साठलंय आणि माणूस मिळत नाहीये. त्यांच्या ॲपचे वाईट रिव्ह्यू वाचा, तारखा बघा, तक्रारी महिन्याच्या शेवटीच येतात का. स्टेटस पेज असेल तर मागचे बंद पडल्याचे दिवस बघा. हे सगळं उघडं आहे, चोरून काही नाही. मात्र त्यांच्या सर्व्हरवर पोर्ट स्कॅन (बाहेरून कुठली दारं उघडी आहेत ते तपासणं) वगैरे मारून 'बघा तुमच्याकडे हे उघडं सापडलं' असं कधीही करू नका, परवानगीशिवाय ते बऱ्याच ठिकाणी गुन्हा ठरू शकतो, आणि ठरला नाही तरी समोरचा घाबरतो, घाबरलेला माणूस काम देत नाही, वकिलाला फोन लावतो.

मग मेल साधारण असा :

'तुम्ही पोस्टग्रेस डीबीएची जागा भरताय असं दिसलं. ॲपच्या रिव्ह्यूंमध्ये महिनाअखेरीला रिपोर्ट उघडत नाहीत अशा तक्रारी पण वाचल्या. माणूस मिळेपर्यंतच्या काळात मी दोन आठवड्यांचं एक ठरावीक काम करते, सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या क्वेरी काढायच्या, इंडेक्स किंवा क्वेरी बदलून सुटतात त्या सोडवायच्या, बाकीच्यांची कारणं लिहून द्यायची. नवीन येणाऱ्या डीबीएला ते पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. पंधरा मिनिटं बोलूया का?'

सर्टिफिकेशन कुठेच नाही यात, बघितलंत? ते खाली सहीत एका ओळीत टाका. आणि मेल एचआरला नाही, त्यांचा रोल जागा भरण्याचा आहे, तुम्ही त्यांच्या दृष्टीने एक उमेदवार, म्हणून तर ते नोकरीचं उत्तर आलं. इंजिनिअरिंग हेडला लिहा, किंवा कंपनी छोटी असेल तर थेट मालकाला. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि महिनाअखेरीला शिव्या खाणारा कोण आहे ते शोधून त्यालाच लिहायचं. फक्त एक लक्षात ठेवा, शिव्या खाणारा आणि चेकवर सही करणारा बहुतेक वेळा वेगळे असतात, पहिल्या बोलण्यातच हळूच विचारून घ्या की मंजुरी कोणाची लागते.

प्रश्न : क्लायंट मिळतात मला, नाही असं नाही. पण पहिली मीटिंग, दुसरी मीटिंग, मग त्यांच्या टीमबरोबर 'एक टेक्निकल कॉल', मी व्हाइटबोर्डवर अख्खं सोल्युशन काढून दाखवतो, सगळे माना डोलावतात, आणि नंतर फोन उचलत नाहीत. दोन महिन्यांनी कळतं की मी सांगितलं तेच त्यांच्या माणसांनी करून टाकलं. असं आत्तापर्यंत तीनदा झालंय. बोलायचंच नाही का मग?

उत्तर : बोला, खूप बोला, पण प्रश्न विचारण्यात. फुकट ते पौष्टिक ही वृत्ती सगळीकडेच असते, त्यात क्लायंटला दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही, तुम्ही वाढत गेलात आणि ते खात गेले.

पहिल्या मीटिंगमध्ये मार्कर हातात घ्यायचाच नाही. विचारायचं की हे किती दिवसांपासून चाललंय. आधी कोणी सोडवायचा प्रयत्न केला होता का, मग ते का अडलं. हे असंच राहिलं तर सहा महिन्यांनी काय होईल. कधीपर्यंत व्हायला हवंय आणि ती तारीख कोणी ठरवली. या चार प्रश्नांना धड उत्तरं नसतील, 'असंच आपलं बघतोय, एक्सप्लोर करतोय' असं असेल तर तिथे काम नाहीये, चहा पिऊन निघा आणि तिसरी मीटिंग ठेवू नका. 'असंच राहिलं तर' या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तुमच्या फीचा आकडाही तिथेच मिळतो हे तुमच्या लक्षात येईल, कारण नुकसान किती ते त्यांनीच स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असतं.

उत्तरं चांगली मिळाली तर दुसरी मीटिंग फुकटची नाही, ती म्हणजे विकत घ्यायचं निदान. आठवडा-दोन आठवड्यांचं, ठरलेल्या फीचं, निम्मे पैसे आधी. त्यात काय मिळणार ते लिहून द्यायचं, उदाहरणार्थ सध्याच्या सिस्टिमचं एक चित्र, सापडलेल्या अडचणी महत्त्वाच्या क्रमाने, प्रत्येकीला लागणारा अंदाजे वेळ, आणि पहिल्या तीन गोष्टी कशा करायच्या याच्या सविस्तर पायऱ्या. आणि स्पष्ट सांगायचं की हा रिपोर्ट तुमचा, पुढचं काम माझ्याकडून करून घ्या, तुमच्या टीमकडून घ्या, अगदी दुसऱ्या कन्सल्टंटकडून घ्या. हे ऐकलं की गंमत होते, समोरचा सैल पडतो, कारण त्याला अडकायची भीती असते. आणि त्यांच्या माणसांनी केलं तरी तुमचे पैसे झालेत, तुम्हाला वाईट वाटायचं कारण राहत नाही. तुमचे तीन गेलेले क्लायंट खरं तर निदानाचे तीन क्लायंट होते.

काही जण ही फी पुढच्या मोठ्या कामात वळती करून देतात. मला ते फारसं पटत नाही. केलेल्या कामाचे पैसे परत दिल्यासारखं होतं आणि क्लायंट पण समजतो की निदान म्हणजे सेल्सचाच भाग. पण पहिल्या एखाद्या कामाला गाडी अडत असेल तर द्या, जगबुडी होत नाही.

'आम्ही निदानाचे पैसे देत नाही, आमच्याकडे सगळे व्हेंडर फुकट करतात' असं म्हणणारे भेटतील. खरंच करतात, कारण ते व्हेंडर नंतर लायसन्स किंवा हार्डवेअर विकतात, त्यांचा पैसा तिथे आहे. तुम्ही काहीच विकत नाही, तुमच्याकडे विकायला फक्त हेच आहे, आणि तुमचं मत कोणाच्या कमिशनला बांधलेलं नाही. हे त्यांना शांतपणे सांगा. तरी नाही म्हणाले तर जाऊ दे.

प्रश्न : मला लोकांत मिसळायला जमत नाही, नेटवर्किंग इव्हेंटमध्ये गेलो तर कोपऱ्यात फोन बघत उभा राहतो. माझ्यासारख्याने काय करावं?

उत्तर : जाऊ नका इव्हेंटला. तिथे तसंही प्रत्येक जण स्वतःचंच कार्ड दुसऱ्याला खपवत असतो, घेणारा कोणीच नसतो. लिहा. पण 'क्लाउडचे दहा फायदे' असलं नको, ते कोणी वाचत नाही. एखादा एरर मेसेज, तो कधी येतो, कशामुळे येतो, तुम्ही काय काय करून बघितलं आणि शेवटी कशाने सुटला, असं एकेक लिहून ठेवा. तोच एरर आलेला माणूस मध्यरात्री तो सर्च करतो आणि तुमच्या पानावर येतो, त्या क्षणी त्याला तुमच्याइतकं जवळचं कोणी नसतं. याला वेळ लागतो, चार-सहा महिने काही होणार नाही, ते धरून चाला.

दुसरं म्हणजे दुसऱ्या कन्सल्टंटशी ओळख ठेवा, एकेकट्याशी बोलायला तर जमेल ना. ॲप बनवून देणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस नसतो, त्यांच्या क्लायंटला तो लागतो आणि मग त्यांना अवघड होऊन बसतं. तुम्ही ॲप बनवत नाही म्हणजे त्यांना तुमच्यापासून धोका नाही. अशा दोन कंपन्यांशी जमलं तर वर्षभर बाहेर जाऊन कोणाला हात मिळवायची गरज पडणार नाही, फक्त मार्जिनमधला वाटा त्यांचा राहील, त्यावर तोंड वाकडं करू नका. पैसे मात्र त्यांचा क्लायंट देईल तेव्हा मिळतील असं मान्य करू नका, तुमची मुदत वेगळी लिहून घ्या.

प्रश्न : जुन्या कंपनीच्या ग्राहकांना विचारलं तर चालेल का? ते मला ओळखतात.

उत्तर : आधी नोकरीचा करार काढून वाचा. त्यात ग्राहकांना इतके महिने संपर्क करणार नाही असं कलम असतं बहुतेक, ते तुमच्या देशात कितपत टिकतं ते वकील सांगेल, मी नाही. पण कराराच्या पलीकडे, जुन्या कंपनीलाच विचारलंत का? तुम्ही गेल्यावर तुमचं अर्धं काम कोणाला येत नसणार. पुष्कळ जणांचा पहिला क्लायंट जुनी कंपनीच असते, आठवड्यातून एक दिवस का होईना, आणि चांगल्या संबंधांवर त्यांच्याकडूनच ग्राहक पाठवलेही जातात.

प्रश्न : ताई, साडेतीन वर्षं एकच मोठा क्लायंट होता, आठवड्याचे पाचही दिवस त्यांचेच. आता त्यांनी बजेट कमी केलं आणि पुढच्या महिन्याअखेर काम संपतंय. मी इतकी वर्षं स्वतंत्र म्हणवत होते पण क्लायंट शोधायचा कसा हे मला माहीतच नाही असं लक्षात आलंय. हातात पाच आठवडे आहेत.

उत्तर : पाच आठवडे कमी नाहीत, पण त्यातला पहिला आठवडा रडण्यात घालवू नका, कारण तुमच्याकडे आत्ता जे आहे ते महिन्याभराने नसेल, ते म्हणजे त्या ऑफिसात तुमचा वावर.

तिथल्या ज्या माणसाशी तुमचं रोजचं काम होतं त्यांच्याकडे दोन गोष्टी मागा. एक, तुम्ही काय काम केलं आणि त्याने काय फरक पडला हे त्यांच्या शब्दांत चार ओळी, आणि त्या वेबसाइटवर टाकायची परवानगी. त्यांना लिहायला वेळ नसतो, तर तुम्ही मसुदा पाठवा आणि म्हणा की बदला हवं तसं. पण मसुद्यात 'अतिशय मेहनती व हुशार' असलं लिहू नका, 'रात्रीचा बॅच सहा तास चालायचा तो दीड तासावर आला' असं लिहा, जे खरं असेल ते. दोन, 'अशाच अडचणीत असलेलं तुमच्या ओळखीचं कोण आहे' हे विचारा. 'कोणाला गरज असेल तर सांगा' असं नका विचारू, त्याला सगळे हो म्हणतात आणि कोणी सांगत नाही. नाव मागा. एक नाव मिळालं तरी बास, त्यांनीच एक ओळीचा मेल टाकून ओळख करून दिली तर फारच छान.

आणि फक्त एकाशीच नाही. साडेतीन वर्षांत त्या कंपनीतून किती जण दुसरीकडे गेले आठवा. ते आता जिथे आहेत तिथे त्यांना तुमचं काम माहीत आहे, त्यांना पटवायला लागणार नाही. बजेट कपात झालीये म्हणजे अजून काही जण जातील, त्यांचे पर्सनल नंबर आत्ता घेऊन ठेवा, ऑफिसचे मेल बंद होतात.

काम पूर्ण बंद करण्याऐवजी महिन्याला दोन दिवसांचा रिटेनर (ठरावीक वेळेसाठी दरमहा ठरलेली फी) चालेल का हेही विचारून बघा. बजेट पूर्ण शून्य क्वचितच होतं आणि साडेतीन वर्षांचं तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर नसणार, त्यांनाही ती धाकधूक आहे. हो म्हणाले तर किती तासांत फोन उचलायचा, न वापरलेले दिवस पुढच्या महिन्यात जाणार का, हे लिहून घ्या, नाहीतर दोन दिवसांच्या पैशांत दहा दिवस राबाल.

पुढचं काम मिळालं की पाचही दिवस परत एकालाच देऊ नका. चार द्या. उरलेला दिवस मेल, फोन, जुन्या ओळखी यासाठी, आणि काम भरपूर असेल तेव्हाही तो दिवस मोडायचा नाही, कारण आज टाकलेल्या शब्दाचं काम व्हायला दोन-तीन महिने सहज जातात.

आणि हो, तुमच्या लिंक्डइनवर अजून 'सध्या नवीन काम घेत नाही' असं लिहिलेलं आहे. हे वाचून झालं की आधी ते काढा.